रिव्हॅली: पहाटेच्या बिगुलाचा अर्थ आणि उगम

सोलापुरातल्या एका शाळेतल्या बाईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांची मुलगी एनसीसीच्या कॅम्पला गेली होती आणि तिथल्या वेळापत्रकात पहाटेच्या पहिल्याच ओळीत 'रिव्हॅली' असं लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ काय, तो शब्द कुठला, रॅलीशी त्याचा काही संबंध आहे का, हे त्यांना हवं आहे. शिवाय 12 जानेवारीला शाळेत, 1931 साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं स्मरण करायचं आहे आणि कोणीतरी सुचवलंय की, 'लास्ट पोस्ट ही बिगुलाची धून वाजवा, शांतता पाळा आणि शेवटी रिव्हॅली वाजवा.' कॅम्पमध्ये पहाटे वाजणारी गोष्ट श्रद्धांजलीत कशाला, असं त्यांना वाटलं.

मी पायदळात बिगुलर होतो. निवृत्तीनंतर सोलापुरातच शाळा-कॉलेजातल्या मुलांना बिगुल शिकवतो. हा शब्द मी अनेक वर्षं फुंकलाय, म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगतो.

रिव्हॅली म्हणजे छावणीत पहाटे वाजणारा, जवानांना उठवणारा कॉल. कॉल म्हणजे वाद्यावर वाजवून दिलेली ठरावीक खूण. शब्द फ्रेंच आहे. फ्रेंचमध्ये 'रेव्हेये' म्हणजे 'जागे व्हा'. व्याकरणाच्या भाषेत हा आज्ञार्थ आहे, तोही अनेकवचनी. एकट्याला हाक नाही, सगळ्या तुकडीला हुकूम आहे. इंग्रजांनी तो सतराव्या शतकात उचलला, आणि त्यांच्या पलटणींबरोबर तो हिंदुस्थानात आला. रॅली हा शब्दही फ्रेंचमधूनच आलाय, पण त्याचा धातू निराळा. पांगलेल्यांना पुन्हा एकत्र करणं हा त्याचा अर्थ. दोघांचं नातं नाही.

उच्चाराबद्दल गोंधळ होतो तोही इथेच मिटवू. आपल्या सैन्यात 'रिव्हॅली' म्हणतात, कारण ब्रिटिश तसं म्हणत. अमेरिकेत पहिल्या अक्षरावर जोर देऊन 'रेव्हली' म्हणतात. आजच्या फ्रेंच माणसाच्या तोंडी मात्र त्यात 'ल' ऐकूच येत नाही, 'य' ऐकू येतो. पण सतराव्या शतकात त्या जागी 'ल्य'सारखा उच्चार होता. म्हणजे मूळ भाषेतून निघून गेलेला तो 'ल' इंग्रजांच्या आणि आपल्या उच्चारात अजून शिल्लक आहे.

आणखी एक गंमतीची गोष्ट. शब्द फ्रेंचांचा, पण खुद्द फ्रेंच सैन्यात पहाटेच्या कॉलचं जुनं नाव 'दियान'. स्पॅनिशमध्येही तो 'दियाना'च. त्या नावाच्या मुळाशी 'दिवस' हा शब्द आहे. तिकडे दिवस उगवल्याची वर्दी, इकडे जागं होण्याचा हुकूम.

आता खरा गाभा. या फ्रेंच शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'विजिलारे' हा धातू आहे. त्याचा अर्थ झोपेतून उठणं एवढाच नाही. जागत राहणं, पहारा देणं, हा त्याचा मूळ अर्थ. याच घराण्यातले दोन शब्द तुम्ही रोज ऐकता. सरकारी खात्यातलं व्हिजिलन्स आणि कॅमेऱ्यांचं सर्व्हेलन्स. दोन्हींत डोळा लावून बसणं आहे. आपल्या 'जाग' शब्दातही हे दोन्ही पदर आहेत. पहाटे जाग येते ती एक, आणि देवीपुढे रात्रभर घालतात तो जागर दुसरा. बाळ्याच्या खंडोबाला किंवा तुळजापूरला जाऊन आलेल्या सोलापूरकराला हा फरक शिकवावा लागत नाही.

रिव्हॅलीत हे दोन्ही पदर एकत्र आहेत, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याला जुना आधारही आहे. अठराव्या शतकातल्या इंग्रजी लष्करी कोशांत रिव्हॅलीची जी व्याख्या दिलेली असे, तिचा आशय असा: दिवस फुटायच्या सुमाराला वाजणारा ढोलाचा ठोका, ज्यावरून सैनिकांनी उठायची वेळ झाली हे कळतं, आणि पहारेकऱ्यांनी आता हटकणं थांबवायचं हेही कळतं.

यातला दुसरा भाग लोक विसरले. रात्री छावणीच्या हद्दीवर उभा असलेला संत्री अंधारात चाहूल लागली की हटकतो. इंग्रजांच्या काळात तो इंग्रजीत विचारायचा, 'कोण येतंय तिकडे?' आपल्या शिपायांच्या तोंडी त्या तीन इंग्रजी शब्दांचं 'हुकुमदार' झालं. नीट उत्तर आलं नाही तर गोळी सुटू शकते. रात्रभर त्या माणसाच्या कानांवर आणि बोटावर सगळी छावणी झोपलेली असते. पहाटे रिव्हॅली झाली की त्याचं हटकणं थांबतं. उजेड पडलाय, माणूस ओळखू येतो, आणि आता एकटा तोच जागा नाही.

म्हणून हा कॉल एकाच वेळी दोघांसाठी असतो. झोपलेल्याला तो म्हणतो, ऊठ. जागणाऱ्याला म्हणतो, तुझी रात्र संपली. नवीन मुलांना कॉल शिकवताना मी आधी हे सांगतो आणि मगच बिगुल ओठाला लावू देतो. नुसता गजर समजून वाजवणारा मुलगा तो घाईत उरकतो. पहारेकरी डोळ्यांपुढे आला की त्याची फुंक आपोआप बदलते.

वर 'ढोलाचा ठोका' म्हटलं, कारण सुरुवातीला रिव्हॅली बिगुलावर नव्हतीच. पायदळाचं वाद्य ढोल होतं, घोडदळाचं ट्रम्पेट. आपल्याकडेही दिवसाचे प्रहर नगारखान्यातून कळत, पहाटेचा चौघडा झडला की किल्ल्याचा दिवस सुरू होई. शिपायाच्या मनगटावर घड्याळ यायला अजून फार काळ होता. छावणीचं घड्याळ म्हणजे तो आवाज. आपल्या शहरातल्या जुन्या माणसांना हे पटकन समजेल. 1877 साली सुरू झालेली जुनी मिल, मग लक्ष्मी, विष्णू आणि बाकीच्या गिरण्या. त्यांच्या भोंग्यांवर सोलापूरची कित्येक घरं उठली, डबे भरले गेले, पाळ्या बदलल्या. पहाटेच्या भोंग्याला एक कामगार घराबाहेर पडायचा आणि रात्रपाळीचा परतीला लागायचा. रिव्हॅलीचं कामही असंच दुहेरी.

बिगुल आला तो हलक्या पायदळामुळे. रांगेत खांद्याला खांदा लावून लढणाऱ्यांना ढोल पुरत होता. पण झाडाझुडपांतून, खडकांतून पांगून लढणाऱ्या तुकड्यांना वजनाला हलकं आणि दूरवर ऐकू जाणारं वाद्य हवं होतं. अठराव्या शतकात जर्मन मुलखातल्या तुकड्यांनी शिकाऱ्यांचं शिंग युद्धात आणलं, ब्रिटिशांनी ते घेतलं. 'बिगुल' हा शब्दही मुळात बैलाच्या शिंगावरूनच आलेला आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे तो त्यामुळेच. हलक्या पायदळाची ती खूण. बलुचिस्तानातल्या काहूनच्या किल्ल्याच्या लढाईनंतर 1841 साली या रेजिमेंटच्या एका जुन्या पलटणीला 'लाइट इन्फंट्री' हा मान मिळाला.

बिगुलाची रचना एकदा समजली की सैन्यातले सगळे कॉल एकमेकांचे भाऊ का वाटतात तेही कळतं. बिगुलाला पडदे नाहीत, कळा नाहीत, भोकं नाहीत. एक नळी, गुंडाळलेली. बोटांना काही कामच नाही. ओठ किती आवळले आणि हवा किती जोरात सोडली, यावर सूर बदलतो, आणि तोही नळी देईल तोच. कंपनांचं प्रमाण दोन, तीन, चार, पाच, सहा असं चढतं. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा सा, प, मग मधला सा, ग आणि वरचा प. बस. रे नाही, म नाही, ध नाही, नी नाही. जवळजवळ सगळे कॉल या पाच सुरांत बसवलेले आहेत. उठण्याचा, जेवणाचा, फॉल-इनचा, दिवे मालवण्याचा. फरक पडतो तो लयीनं आणि सुरांच्या क्रमानं. बिगुलातला ग हा निसर्गतः जुळलेला शुद्ध गंधार आहे, चांगल्या लागलेल्या तानपुऱ्यात न छेडताही ऐकू येतो तोच. एका शाळेतल्या संगीत शिक्षकांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी पेटी बाजूला ठेवून बिगुलाचा ग पुन्हा पुन्हा ऐकला होता.

ज्याला हा कॉल वाजवायचा असतो त्याची रिव्हॅली कोणी वाजवत नाही. युनिटच्या ऑर्डरमध्ये वेळ लिहिलेली असते, उन्हाळ्या-हिवाळ्याप्रमाणे ती बदलते, आणि ड्युटीचा बिगुलर त्याआधी तयार उभा असावा लागतो. थंडीत पितळ गार पडलेलं असतं. गार नळीत सूर उतरतो आणि झोपेतून उठलेला ओठ ताठ असतो. म्हणून माउथपीस आधी मुठीत धरून गरम करायचा, नळीत नुसतीच ऊब सोडायची, ओठ फडफडवून मोकळे करायचे, कोमट पाण्याचा घोट घ्यायचा. पहिला सूर फाटला तर सगळी छावणी ऐकते. आपल्या सोलापुरात उलटी अडचण. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ओठ भेगाळतात आणि तापलेल्या नळीत सूर चढतो. उन्हात ठेवलेला बिगुल उचलून लगेच वाजवू नये, हे मी मुलांना दर उन्हाळ्यात सांगतो. आता बऱ्याच कॅम्पमध्ये शिट्टीवर किंवा लाउडस्पीकरवर काम भागवतात. वेळेवर उठणं होतं, हे खरं. पण एक तरी मूल स्वतः फुंकून कॅम्प उठवतं, तिथली पहाट वेगळी असते, हे मी पाहिलेलं आहे.

आता श्रद्धांजलीचा प्रश्न. त्यासाठी आधी लास्ट पोस्ट कळली पाहिजे. तीही मुळात शोकधून नाही. रात्री ड्युटीवरचा अधिकारी पहाऱ्याच्या जागा तपासत फिरायचा. फेरी सुरू झाली की फर्स्ट पोस्ट वाजे, शेवटची चौकी तपासून झाली की लास्ट पोस्ट. 'पोस्ट' म्हणजे इथे पहाऱ्याची जागा. सगळे पहारे जागच्या जागी आहेत, आता बाकीच्यांनी निर्धास्त झोपावं, हा त्याचा अर्थ. पुढे सैनिकाच्या अंत्यविधीला ती वाजू लागली, कारण त्याचा पहारा पूर्ण झालेला असतो.

म्हणजे रात्रीची एक खूण आणि पहाटेची एक खूण. त्या दोन्हींच्या मधली जी दोन मिनिटांची शांतता, ती रात्र. आणि रात्रीनंतर जागं होण्याचा कॉल यायलाच हवा. तो नसेल तर विधी अर्धा राहतो. गेलेल्याला आपण तिथंच अंधारात ठेवून निघून येत नाही, आणि जे उभे आहेत त्यांना सांगितलं जातं की आता पहारा तुमचा. ज्यांनी 'शेवटी उठवण्याचा कॉल वाजवा' असं सुचवलं, त्यांचं बरोबर आहे.

फक्त नावात एक दुरुस्ती हवी, आणि ही चूक जाणकारही करतात. शांततेनंतर बहुतेक ठिकाणी जो कॉल वाजतो तो रिव्हॅली नसून 'राउझ' असतो. ब्रिटिश परंपरेच्या सैन्यांत हे दोन वेगळे कॉल आहेत. रिव्हॅली लांब, जाग आणणारी. राउझ छोटा आणि खडा, जागा झालेला जवान अंथरुणातून बाहेर निघावा म्हणून. श्रद्धांजलीला आटोपशीर म्हणून राउझ रूढ झाला, आणि लोक त्यालाच रिव्हॅली म्हणू लागले. 26 जानेवारीला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंतप्रधान पुष्पचक्र वाहतात, ते टीव्हीवर नीट ऐका. सलामी शस्त्र, शोक शस्त्र, लास्ट पोस्ट, दोन मिनिटं शांतता, मग राउझ. ऑस्ट्रेलियात 25 एप्रिलच्या अँझॅक दिनी पहाटेच्या स्मरणविधीला मात्र आवर्जून खरी रिव्हॅली वाजवतात, कारण तिथं वेळच सूर्य उगवण्याची असते.

तुमच्या कार्यक्रमाबद्दल माझ्या मनात थोडी घालमेल होती, ती सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे सैनिक नव्हते. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं, मार्शल लॉ लागला, सोलापूर लष्कराच्या ताब्यात गेलं, आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात या चौघांना फाशी झाली. त्या वेळी इथे हुकूम चालत होता तो परक्या सत्तेच्या लष्कराचा. त्याच परंपरेतले कॉल या चौघांसाठी वाजवावेत का? मी यावर बराच विचार केला आणि माझं उत्तर 'हो' आहे. तो बिगुल आता आपला आहे. आपल्या जवानाला मानवंदना देताना जे सूर वाजतात, तेच सूर या चौघांना मिळावेत, यात मला त्यांचा मान दिसतो. शब्द फ्रेंच, वाद्य जर्मन शिकाऱ्यांचं, रीत ब्रिटिशांची, हे सगळं खरं. पण जागत राहिलेल्याला मोकळं करून त्याचा पहारा आपण हाती घ्यायचा, ही गोष्ट कुठल्या एका देशाची नाही.

एक इशारा. शाळेतला राष्ट्रध्वज स्वतःहून अर्ध्यावर उतरवू नका. ध्वजसंहितेनुसार ते फक्त सरकारच्या आदेशानं, ठरावीक प्रसंगीच करायचं असतं. हुतात्म्यांना वंदन पूर्ण फडकलेल्या ध्वजाखालीच करावं. शांतता पाळण्याची सरकारी रीत पाहायची असेल तर 30 जानेवारी पाहा. 10 वाजून 59 मिनिटांनी सायरन सुरू होतो तो 11 पर्यंत, मग दोन मिनिटं शांतता, आणि 11 वाजून 2 मिनिटांनी पुन्हा सायरन. तिथंही शांततेला सुरुवातीची आणि शेवटाची खूण आहे. तुमच्याकडे त्या खुणांचं काम लास्ट पोस्ट आणि राउझ करतील. वेळ सकाळी लवकरची ठेवा. त्या दिवसांत सिद्धेश्वराच्या यात्रेची लगबग सुरू झालेली असते, उशीर झाला तर लाउडस्पीकरच्या आवाजात बिगुल हरवेल.

कार्यक्रमपत्रिकेवर 'रिव्हॅली' ऐवजी 'राउझ' लिहा, आणि निवेदन करणाऱ्या मुलीला दोन वाक्यांत अर्थ सांगायला लावा. लोकांना काय चाललंय ते कळलं की शांतता खरोखर शांत होते. रेकॉर्डिंग वापरणार असाल तर फार जपून. इंटरनेटवर 'रिव्हॅली' शोधलं की बहुधा अमेरिकन सैन्याची उड्या मारणारी धून मिळते, ती इथे अगदी विजोड वाटेल. 'टॅप्स' नावाची चोवीस सुरांची धून मिळेल, तीही सुंदर आहे, पण ती 1862 सालची, अमेरिकेच्या यादवी युद्धातली आणि त्यांच्या रीतीची. आपल्याकडे लास्ट पोस्टच.

शक्यतो मुलानं किंवा मुलीनं स्वतः वाजवावं. राउझ छोटा आहे, पण वरच्या प वर टिकून राहावं लागतं, तेव्हा कच्च्या ओठाला किमान दोन-तीन महिन्यांचा सराव हवा. रोज पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर ओठ सुजतो. शाळेत बिगुल नसेल आणि बँडमध्ये ट्रम्पेट असेल तरी चालेल. कुठलीही कळ न दाबता वाजवलं की त्यातून बिगुलाचेच पाच सूर निघतात. वाजवणाऱ्याला लोकांच्या रांगेपासून थोडं दूर आणि उंचावर उभं करा, वाद्याचं रुंद तोंड लोकांच्या डोक्यांवरून जाईल असं. लास्ट पोस्ट संपल्यावर बिगुल खाली घ्यायचा, पण ओठ कोरडा पडू द्यायचा नाही. शांततेच्या दोन मिनिटांत तो थंड पडतो आणि राउझचा पहिला सूर तिथंच चुकतो. जिभेनं ओठ ओला ठेवायला आणि शेवटच्या दहा सेकंदांत नाकानं सावकाश श्वास भरून घ्यायला वाजवणाऱ्याला आधीपासून सांगून ठेवा.